पाऊण तासातली वर्षं

आठवड्यातला मधला कुठलातरी वार. कामावरून परत आलात, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. पोटात भूक आहे आणि अंगात दिवसभराचा शीण. अशा संध्याकाळीही पाऊण तासात दोघांपुरत्या बीफ नूडल्स होऊ शकतात. तैवानच्या धर्तीच्या, लाल रश्श्याच्या, खोल वाडग्यात वाढायच्या. हे मनन त्या पाऊण तासासाठी आहे.

ते डोळे मिटून करायचं नाही. समोर पेटता गॅस असेल, हातात सुरी असेल. डोळे उघडे, हात कामात आणि मनात एकच प्रश्न ठेवायचा: हे जेवण इतक्या लवकर होतं, तर त्याला लागणारा बाकीचा वेळ कुणी दिला? प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. उत्तरासाठी लांब जावं लागणार नाही. ते ओट्यावरच मांडलेलं असतं.

सुरुवात मांसापासून करा. २५० ग्रॅम बीफ घ्या. पोटाकडचा, लांब रेषांचा सपाट तुकडा मिळाला तर उत्तम. तो कागदाने टिपून कोरडा करा आणि २० ते २५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पूर्ण गोठू द्यायचा नाही, नुसता घट्ट होऊ द्यायचा. मग सुरी सरळ चालते.

आता हात धुवा. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं सावकाश धुवा. पाण्याचा गारवा तळव्यांना कळू द्या. मग मोठ्या पातेल्यात पाणी भरून गॅसवर चढवा आणि थोडा वेळ तिथेच बसा. स्टुलावर, खुर्चीत, जमिनीवर, जिथे जागा असेल तिथे. श्वास मुद्दाम लांबवू नका. तो येतोय आणि जातोय, इतकंच बघा.

कान पाण्याकडे द्या. आधी काहीच ऐकू येत नाही. मग तळाशी बारीक बुडबुडे धरतात आणि सूं असा आवाज सुरू होतो. तो वाढत जातो. तळाशी तयार झालेली वाफ वरच्या गार पाण्यात शिरताच मिटून जाते, तिच्या मिटण्याचा हा आवाज. सगळं पाणी तापलं की बुडबुडे वरपर्यंत येऊन फुटतात आणि तो आवाज एकदम मऊ होतो. पाणी जेव्हा सर्वांत जास्त गडबड करतं, तेव्हा ते अजून तयार नसतं. आपल्या मनात आत्ता कुठला आवाज चालू आहे, ते एकदा ऐका. त्याला गप्प करायची गरज नाही. नुसतं ऐका आणि कामाला उठा.

*

ज्या पदार्थाचं हे झटपट रूप आहे, त्याच्या मूळ रूपाला तीन तास लागतात. तैवानमध्ये लाल रश्श्यातल्या बीफ नूडल्स करताना गुरांच्या पायाकडचं, शिरा आणि चिकट पापुद्र्यांचं मांस मंद आचेवर शिजत ठेवतात. त्या पापुद्र्यांत कोलॅजेन असतं. ताजं असताना ते चामड्यासारखं चिवट असतं, पण तास-दोन तासांच्या मंद उष्णतेने त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे.

हा पदार्थ कुणी घडवला, हे आठवूया. १९४९ मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरलेलं सरकार तैवानला गेलं आणि त्याच्यामागून सैनिक आणि त्यांची कुटुंबं मोठ्या संख्येने समुद्र ओलांडून गेली. काही दिवसांत परतू, असं अनेकांना वाटत होतं. ते परतणं झालं नाही. त्यांत सिच्वान प्रांतातली माणसं होती, त्यांना घरच्या मिरची आणि बाकल्याच्या दाण्यांच्या तिखट वाटणाची आठवण येत होती. दक्षिण तैवानमधल्या गांगशान गावच्या सैनिकी वसाहतींत तसं वाटण पुन्हा तयार होऊ लागलं. लाल बीफ नूडल्सचा जन्म याच माणसांच्या चुलींवर झाला, असं सहसा मानलं जातं. पुढे १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेची मदत आली, तिच्यासोबत गहू आला आणि भात खाणाऱ्या बेटावर गव्हाच्या नूडल्स रोजच्या झाल्या. २००५ मध्ये तैपेई शहराने या एका पदार्थाचा महोत्सव सुरू केला.

घराबाहेर अडकलेल्या माणसाच्या हाती काय असतं? वेळ असतो आणि आठवण असते. त्या दोन्हींतून हा वाडगा भरला गेला. आज आपण तो पाऊण तासात करतो, तेव्हा परतीची वाट बघणाऱ्या त्या माणसांची वर्षं आपल्या हाताशी आलेली असतात. क्षणभर त्यांना मनात जागा द्या. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, आणि मनात जागा द्यायला नाव लागतही नाही.

*

मांस आता घट्ट झालं असेल. ते पाटावर ठेवा. लगेच कापू नका. आधी बघा.

पृष्ठभागावर लांब रेषा दिसतील, एका दिशेने धावणाऱ्या. हे स्नायूचे तंतू. या जनावराने जितकी पावलं टाकली, उतारावर जितका भार सांभाळला, शेपटीने जितक्या माश्या हाकलल्या, त्या सगळ्या हालचाली अशाच तंतूंनी केल्या. तुमच्या दंडातही असेच तंतू आहेत, आणि सुरी उचलताना तेच आखडणार आहेत.

इथे एक गोष्ट मनापासून लक्षात घ्यायला हवी. तैवानमधली कितीतरी शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या बीफ खात नव्हती. काही आजही खात नाहीत. ज्या जनावराने भाताच्या खाचरात नांगर ओढला, त्याचं मांस खाणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटत असे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून खांदेमळणी करणारा शेतकरी आणि खाचराच्या बांधावरून आपल्या रेड्याकडे बघणारा तैवानी शेतकरी, दोघांच्या मनातलं ऋण एकच आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर पूर्वीपासून आणि बैल-वळूंच्या कत्तलीवर २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. त्यामुळे हे मनन बहुधा तैपेईत, सिंगापूरला, न्यू जर्सीत किंवा गोव्यात राहणाऱ्या मराठी घराच्या ओट्यावर होईल. जो हे मांस खात नाही, त्याने त्याच्या जागी जाड अळिंबी घ्यावी. प्रश्न तोच राहतो आणि तितकाच खरा राहतो.

जो खातो, त्याने तर तो टाळूच नये. समोरचा तुकडा दुकानातल्या पाकिटातून आला, पण पाकिटात तो कुठून आला? एका जिवाने गवत खाऊन, रवंथ करून, उन्हा-पावसात उभं राहून हे शरीर घडवलं होतं. आपल्या जेवणात त्याचा सगळा वेळ आहे, आणि तो त्याने आपण होऊन दिलेला नाही. हे बोचलं तर बोचू द्या. ते बोचणं दूर सारून जेवणं सोपं आहे, पण सोबत घेऊन जेवणं जास्त प्रामाणिक आहे. निदान एवढं तरी ठरवा: लागेल तेवढंच घ्यायचं, कापताना मन दुसरीकडे न्यायचं नाही आणि वाडग्यातलं काही टाकून द्यायचं नाही.

आता सुरी घ्या. रेषांच्या आडवी धरा. काप दोन-तीन मिलिमीटरचे, शक्य तितके पातळ. रेषांच्या दिशेने कापलं तर तंतू लांबच राहतात आणि चावून चावून दात दुखतात. आडवं कापलं की प्रत्येक तंतूचे बारीक तुकडे होतात आणि घास सहज सुटतो. मंद आच तीन तासांत चिवटपणा काढते. सुरी तेच काम पाच मिनिटांत करते, मात्र ती पाच मिनिटं पूर्ण लक्ष मागते. वेळ कमी असेल तर लक्ष जास्त लागतं. स्वयंपाकघरात हा हिशेब कधी चुकत नाही. एक काप, मग दुसरा. शेवटचा काप पडेपर्यंत हात दुसरं काही करणार नाहीत.

*

कापांवर दोन चमचे सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लॉवर आणि एक चमचा तेल घाला. हाताने हलकेच चोळा. मांस जरा निबर असेल तर पाव चमचा खाण्याचा सोडाही चालतो. त्याने पृष्ठभागावरची प्रथिनं उष्णतेने आवळून बसत नाहीत आणि काप मऊ राहतात. हे १५ मिनिटं झाकून ठेवा.

सोया सॉसच्या बाटलीचं झाकण लावण्याआधी वास घ्या. खारट, मग गोडसर, मग भाजल्यासारखा, आणि त्यामागे नाव न देता येणारं काहीतरी. पारंपरिक पद्धतीत शिजवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर बुरशी वाढवतात, मग ते मिठाच्या पाण्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ठेवतात. तैवानच्या शिलुओ गावात काळ्या सोयाबीनचा सॉस होतो. तिथे मातीच्या मोठ्या रांजणांत तो महिनोन्‌महिने उन्हात ठेवतात. आपल्या कैरीच्या लोणच्याप्रमाणे तोही मुरावा लागतो. त्या काळात माणूस फारसं काही करत नाही. तो रांजण झाकतो, उघडतो, बघतो. बाकीचं काम ऊन, मीठ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव करतात.

दोन चमच्यांत सहा महिने. हे शब्द मनात एकदा सावकाश म्हणा.

*

कढई तापवा. दोन चमचे तेल, मग आल्याच्या चार-पाच चकत्या, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. आच मंद करा. आता मिरची-बाकल्याचं ते वाटण, म्हणजे दोबानज्यांग, मोठा एक चमचा. ते करपू द्यायचं नाही. दीड-दोन मिनिटं परतत राहा आणि तेलाकडे बघत राहा. रंग आधी वाटणापुरता असतो, मग कडेकडेने तेलात उतरतो आणि शेवटी सगळं तेल लाल होतं. तेल लाल झालं की फोडणी झाली. तोवर घड्याळ बघू नका.

सिच्वानमधल्या पीश्यान भागात हे वाटण ज्या पद्धतीने करतात, ती ऐकण्यासारखी आहे. आंबवलेले बाकल्याचे दाणे आणि मीठ लावलेल्या मिरच्या मोठ्या रांजणांत एकत्र होतात. दिवसा उघडे ठेवून ऊन दाखवायचं, वेळोवेळी ढवळायचं, रात्री दव लागू द्यायचं, पावसाची चाहूल लागली की झाकायचं. असं एक वर्ष, चांगल्या वाटणाला त्याहून जास्त. कुणीतरी वर्षभर आभाळाकडे बघत राहिलं, म्हणून तुमची फोडणी दोन मिनिटांत झाली.

एक टोमॅटो चिरून घाला. तो विरघळला की दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा साखर, एक बाद्यान आणि पाऊण लिटर हाडांचं पाणी. हाडांचं पाणी नसेल तर साधं गरम पाणी चालेल. बाद्यान घालण्याआधी तळहातावर ठेवून बघा. आठ पाकळ्या, प्रत्येकीत एक चकचकीत बी. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं हे फूल दिसायला फूल असलं तरी फळ आहे. ते दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांतल्या झाडांवर येतं. ते झाड लावणाऱ्याला पहिल्या फळासाठी काही वर्षं थांबावं लागतं.

रस्सा बारा-पंधरा मिनिटं उकळू द्या. या वेळात तुम्हाला काहीही करायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत असू द्या. वाफ चेहऱ्यावर घ्या आणि आजच्या दिवसात कुणी कुणी तुम्हाला आपला वेळ दिला, ते आठवा. आगगाडी चालवणारा, ऑफिसचा जिना पुसणारी, तुमचं बोलणं न तोडता ऐकणारा सहकारी. तीन माणसं आठवली तरी पुरे. घाईच्या दिवसात आपण म्हणतो की वेळ मिळालाच नाही. मोजायला बसलं की कळतं, दिवसभर तो मिळतच होता.

*

उकळत्या पाण्यात नूडल्स सोडा. ताज्या गव्हाच्या, दोघांसाठी २०० ग्रॅम. लांब काठीने एकदा मोकळ्या करा. फेस वर आला की वाटीभर गार पाणी ओता, पुन्हा उकळी येऊ द्या. चिनी घरांत असं करतात, त्याने उतू जाणं थांबतं आणि नूडल्स आतबाहेर सारख्या शिजतात. दोन ते चार मिनिटांत एक उचलून चावून बघा. मध्ये किंचित ताण हवा, कारण रश्श्यात त्या आणखी मऊ होणार आहेत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मोहरीची कोवळी पानं किंवा बोक चॉय त्याच पाण्यात बुडवून काढा.

पिवळ्या नदीच्या वरच्या खोऱ्यात, छिंगहाय प्रांतात, लाज्या नावाची एक वस्ती उत्खननात सापडली. भूकंप आणि पूर यांनी ती गाडली गेली होती. तिथे मातीचा एक वाडगा पालथा पडलेला मिळाला आणि त्याच्या खाली नूडल्स होत्या, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या. २००५ मध्ये त्यांचा अभ्यास नेचर या नियतकालिकात आला. त्या राळ्यासारख्या भरड धान्याच्या होत्या, असं संशोधकांचं म्हणणं होतं. कुणीतरी पीठ भिजवलं होतं, त्याच्या नूडल्स केल्या होत्या, शिजवून वाडग्यात वाढल्या होत्या. ते खाणं झालं नाही. तुमच्या पातेल्यात आत्ता जे शिजतंय, त्यामागे इतक्या जुन्या हातांची ओळ उभी आहे. आणि तुम्हाला ते खायला मिळणार आहे. ही साधी बाब नव्हे.

झटपट नूडल्सचा जनकही तैवानमध्ये जन्मला होता. मोमोफुकु आंदो यांनी जपानमध्ये घरामागच्या एका शेडमध्ये सुमारे वर्षभर प्रयोग केले आणि १९५८ मध्ये तळून वाळवलेल्या नूडल्स बाजारात आणल्या. तळताना त्यांतलं पाणी निघून जातं आणि बारीक छिद्रं राहतात. त्याच छिद्रांतून गरम पाणी परत शिरतं आणि मिनिटांत त्या मऊ होतात. एखाद्या रात्री तुमच्याकडे ताज्या नूडल्स नसतील आणि पाकीट फोडावं लागेल, तेव्हा त्या शेडमधलं वर्ष आठवा.

*

शेवटचं काम मांसाचं. सपाट कढई चांगली तापू द्या, मग थोडं तेल. काप एका थरात पसरा, गर्दी करू नका. आणि आता हात मागे घ्या. ३० ते ४० सेकंद त्यांना हलवायचं नाही.

हे थांबणं अवघड जातं. हाताला ढवळायची सवय असते. पण ओलसरपणा आहे तोवर पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. तो निघून गेला आणि तापमान १४० अंशांच्या आसपास गेलं की मगच मांस तपकिरी होऊ लागतं आणि तो खमंग वास सुटतो. सतत ढवळत राहिलात तर पाणी सुटेल आणि मांस नुसतं उकडेल. चाळीस सेकंद काहीही न करणं ही इथे पाककृतीतली एक पायरी आहे. चुर्र आवाज ऐका. कडा बदलताना बघा. मग एकदाच उलटा, आतला लालसरपणा जाईपर्यंत परता आणि गॅस बंद करा.

दोन खोल वाडगे घ्या. तळाशी नूडल्स, वर रस्सा, त्यावर पानं आणि मांस, शेवटी पातीचा हिरवा भाग बारीक चिरून. तैवानमध्ये सोबत आंबवलेली मोहरीची पानं देतात. मिळाली तर जरूर घ्या, तिखटाला आंबट तोलून धरतं.

जेवायला बसलात की पहिला घास उचलण्याआधी एक श्वास थांबा. आपल्याकडे पानाभोवती चित्राहुती घालून जेवायची पद्धत होती. आपल्या आधी कुणाचा तरी वाटा आहे, हे हाताने मान्य करण्याची ती रीत. इथे पान नाही, वाडगा आहे. तेव्हा मनानेच वाटे काढा: जनावराचा, शेतकऱ्याचा, रांजण झाकणाऱ्याचा, समुद्र ओलांडून आलेल्या सैनिकाचा. मग खा. पहिला घोट नुसत्या रश्श्याचा. गरम आहे, फुंकर घाला. नूडल्स गार होईपर्यंत चिंतन लांबवू नका. गरम जेवण गरम असताना खाणं हाही त्या सगळ्यांचा मान आहे.

सोबत कुणी असेल तर त्याच्याशी बोला. दिवस कसा गेला ते विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

*

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर एकत्र करता येतं. पाऊण तास तुमचा होता. त्यात सहा महिने सोया सॉसचे, एक वर्ष वाटणाचं, काही वर्षं बाद्यानाच्या झाडाची, काही वर्षं एका जनावराच्या आयुष्याची आणि चार हजार वर्षं नूडल्स करणाऱ्या हातांची मिसळली. वेळ वाचवला, असं आपण म्हणतो. खरं तर आपण तो घेतला. ज्यांच्याकडून घेतला, त्यांतल्या बहुतेकांपर्यंत आपण कधी पोहोचणार नाही.

आपल्या परंपरेत ऋण मानलं आहे आणि ते फेडायचं असतं, असंही मानलं आहे. पूर्वजांचं ऋण पूर्वजांना परत करता येत नाही, ते पुढच्यांना द्यावं लागतं. वेळेचंही तसंच आहे. म्हणून रविवारी तासभर मोकळा मिळेल तेव्हा हाडं मंद आचेवर चढवा, त्यांचं पाणी गाळून डब्यांत भरा आणि गोठवून ठेवा. मांस आडवं कापून, दोघांपुरत्या पुड्या बांधून ठेवा. त्यातला एक डबा आणि एक पुडी घरातली समजू नका. शेजारी रात्रपाळी करणारी परिचारिका असेल, नुकतंच बाळ झालेलं जोडपं असेल, परक्या शहरात पहिल्यांदा एकटा राहणारा विद्यार्थी असेल. ते काय खातात ते आधी विचारा आणि डबा त्यांना द्या. त्यांचं जेवण मग वीस मिनिटांत होईल. त्या वीस मिनिटांत तुमचा रविवारचा तास असेल. त्यांना तो दिसला नाही तरी हरकत नाही. तुम्हालाही इतकी वर्षं तो कुणाचा दिसला नव्हता, आणि तरी त्यानेच तुमचं पोट भरलं.